बॉल हेड, बिजागरीचं हेड आणि नागझिऱ्याचं तळं

तुमसरहून आम्ही सकाळी सातला निघालो. स्कूटर मी चालवत होतो, मागे कुसुम, तिच्या मांडीवर कॅमेऱ्यांची पिशवी आणि स्कूटरच्या कडेला सुतळीनं बांधलेल्या दोन काठ्या. एक माझा ॲल्युमिनियमचा मोनोपॉड, नागपूरहून आणलेला, तीन तुकड्यांत लांब होणारा. दुसरी कुसुमची भरीव बांबूची काठी, तिच्या वडिलांच्या घरची. राइस मिलसमोरून जाताना पोत्यांच्या गाड्यांवरच्या हमालांनी आमच्याकडे वळून पाहिलं. फोटोवाले सकाळी सकाळी काठ्या घेऊन कुठे निघाले, असं त्यांना वाटलं असणार.

ऐंशीचं दशक सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. गोंदिया जिल्हा अजून वेगळा झाला नव्हता, नागझिरा भंडारा जिल्ह्यातच होतं. होळी होऊन गेली होती आणि लग्नसराईला थोडा अवकाश होता. फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याला सुट्टी घ्यायची तर तेवढेच दिवस मिळतात. नागपूरच्या एका फोटो क्लबनं वन्यजीवांच्या छायाचित्रांची स्पर्धा ठेवली होती. मी जायचं ठरवलं आणि कुसुम म्हणाली, मीही येते, मीही एक फोटो पाठवते. मी लगेच हो म्हटलं. त्या होकारात माझा मोठेपणा होता, असं मला तेव्हा वाटलं. खरं म्हणजे ती माझ्यापेक्षा चांगला फोटो काढू शकेल, ही शक्यता माझ्या डोक्यात आलीच नव्हती.

या ब्लॉगवर बरेच जण विचारतात की जंगलात मोनोपॉडवर कुठलं हेड, म्हणजे काठी आणि कॅमेरा यांच्यामधला जोड, लावावं. उत्तर एका ओळीत देता येतं आणि ते मी खाली देणारही आहे. पण ते उत्तर मला ज्या सहलीत मिळालं, ती सहल मी कुणाला पूर्ण सांगितलेली नाही. कुसुमला विचारून आज सांगतो आहे.

कुसुम ही माझी बायको. लग्नानंतर तिला कॅमेरा मी शिकवला. त्या सहलीच्या दोन वर्षं आधी सायकलवरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं आणि ते किंचित वाकडं जुळलं. जड लेन्स तिला हातात धरवत नसे. म्हणून ती कॅमेरा त्या बांबूच्या टोकावर नुसता टेकवून फोटो काढायची. लग्नाच्या मांडवात लोक हसायचे, मीही हसायचो. स्टुडिओत दोन कॅमेरे होते. नवा आणि तीनशे मिलिमीटरची मोठी लेन्स माझ्याकडे, जुना आणि दोनशेची लेन्स तिच्याकडे.

माझ्या मोनोपॉडसाठी मी नागपूरला सीताबर्डीच्या दुकानातून बॉल हेड आणलं होतं. दुकानदारानं तीन प्रकार काचेवर मांडले होते. एक तीन दांड्यांचं, ते ट्रायपॉडवर शोभतं, काठीवर लावलं की दांड्या छातीत टोचतात. एक साधं, फक्त पुढे-मागे झुकणारं, दिसायला अगदीच गरीब. आणि एक बॉल हेड. चकचकीत गोळा, एकच स्क्रू. सैल करा, कॅमेरा हवा तसा वळवा, आवळा. नागपूरच्या क्लबातले बडे फोटोग्राफर हेच वापरतात, असं तो म्हणाला. मला एवढं पुरे होतं. त्या बड्या लोकांचा मला अनेक वर्षं हेवा होता. त्यांच्याकडे जे आहे ते माझ्याकडे आलं की त्यांच्यासारखे फोटोही येतील, असा माझा सरळ हिशोब होता.

घरी आल्यावर कळलं की मोनोपॉडच्या टोकाचे आटे मोठे आणि हेडचं भोक लहान. मध्ये दोन्हींना जोडणारं एक पितळी बुश हवं होतं. म्हणून आमचा पहिला मुक्काम वरठी.

तुमसर ते मोहाडी रस्ता बरा होता, मोहाडीच्या पुढे खड्डे. दोन्ही बाजूंना धानाची कापून झालेली कोरडी बांधी, म्हणजे खाचरं, आणि बांधांवर पळस. वरठीला रेल्वे स्टेशनजवळच्या हॉटेलात आलुबोंडा आणि त्यावर तिखट रस्सा खाल्ला. आमचं काम होतं सुखदेव रामटेके यांच्याकडे. ते जवळच्या एका कारखान्यात टर्नर होते आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं स्वतःचं एक जुनं लेथ मशीन होतं. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते, तेवढी ओळख. त्यांची पाळी तीनला सुटायची. तोवर त्यांच्या बायकोनं आम्हाला ओसरीवर बसवून घेतलं, जेवू घातलं. गरम भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली आमच्याच स्टुडिओतला त्या लग्नाचा फोटो.

रामटेके भाऊ आले, हातपाय धुतले आणि माझं बुश अर्ध्या तासात कातून दिलं. हेड मोनोपॉडवर घट्ट बसलं. मी खूश होऊन निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात कुसुमनं तिची काठी पुढे केली आणि विचारलं की या बांबूवर कॅमेरा बसेल असं काही करता येईल का.

मी म्हणालो, कशाला, मी नागपूरहून पुढे कधीतरी आणखी एक बॉल हेड आणून देईन. रामटेके भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते तिला म्हणाले, "बाई, तुमी कॅमेरा धरता कसा, ते दाखवा पयले. डोस्कं मंग पाहू."

पाळी सुटलेली माणसं अजून सायकलींवरून घरी चालली होती. कुसुम रस्त्याच्या कडेला उभी राहिली, काठीच्या टोकावर कॅमेरा टेकवला आणि येणाऱ्या एकेका सायकलीचा पाठलाग करू लागली. सायकल डावीकडून उजवीकडे गेली की ती काठीसकट कमरेतून वळायची. सायकल जवळ आली की काठी किंचित मागे कलती करायची. रामटेके भाऊ तिच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे आणि काठीच्या बुडाकडे पाहत होते. आठ-दहा सायकली गेल्यावर त्यांनी तिला थांबवलं.

"काठी त गोल फिरतेच," ते म्हणाले. "बाजूलेई कलते. अडून राहिलं फक्त वर-खाली. मंग चारी दिशेनं लुढकणारा गोळा कायले पायजे?"

कुसुम म्हणाली, "मले तेच पायजे, भाऊ. दाराच्या बिजागरीवानी."

मी मध्ये पडलो. बॉल हेडवर सगळं एकाच स्क्रूनं होतं, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी माझं हेड हातात घेऊन स्क्रू सैल केला, आवळला, परत सैल केला. मग म्हणाले, "होते भाऊ. एका स्क्रूनं समदं होते, अन् त्याच स्क्रूनं समदं सुटतेबी."

नंतरचे दोन तास ते दोघं त्या शेडमध्ये होते आणि मी ओसरीवर. मधून मधून जाऊन पाहत होतो. कुसुम साकोलीजवळच्या खेड्यातली. मी नागपूरला शिकलो, माझी बोली शाळेतली. तिचं आणि रामटेके भाऊंचं बोलणं त्यांच्या बोलीत सरसर चालायचं आणि मी आत गेलो की दोघं माझ्यासाठी थांबून सावकाश बोलायचे. घट्टपणा किती हवा, लेन्सचं वजन पुढे किती पडतं, कान असलेला नट डाव्या हाताला यावा की उजव्या, वाकड्या मनगटाला कोणता बरा, हे सगळं ते तिला विचारत होते. आठ वर्षं मी तिला कॅमेरा शिकवत होतो आणि यातला एकही प्रश्न मी कधी तिला विचारला नव्हता. हे मला तिथेच कळलं. पण कळून मी शहाणा झालो नाही, उलट माझ्या पोटात दुखायला लागलं. हा माणूस तिचा कोण, असं माझ्या मनात आलं. म्हणजे तसं काही नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. माझ्या जागेवर दुसरं कुणी उभं आहे, एवढंच मला बोचत होतं.

हेड तयार झालं. पितळेचा यू आकाराचा तुकडा, त्यात झुलणारी पट्टी, आरपार एक बोल्ट, दोन बाजूंना फायबरच्या चकत्या आणि डावीकडे कानाचा नट. बांबूच्या टोकाला पितळी टोपी. रामटेके भाऊंनी पैसे घेतले नाहीत. कुसुमला म्हणाले, "फोटो निघाला का मले दाखवजा. माह्या बिजागरीनं जनावर पायलं का नाइ, ते मले समजलं पायजे."

रात्रीचा मुक्काम भंडाऱ्याला बसस्टँडजवळच्या लॉजवर केला. वन खात्याच्या कार्यालयातून विश्रामगृहाची चिठ्ठी सकाळी घ्यायची होती. ती तासाभरात मिळाली. आता हे सगळं घरबसल्या आधीच करावं लागतं, जागा मिळणंही तेव्हाइतकं सोपं नाही. जायचं ठरवलंत तर आधी बुकिंग करा, मग सुट्टी टाका.

दुसऱ्या दिवशी वैनगंगेचा पूल ओलांडून महामार्गानं लाखनी, मग साकोली. ट्रकांची गर्दी बेताची, सावलीला मोठी झाडं. साकोलीत जेवून घ्या, पुढे काही मिळत नाही, हा सल्ला तेव्हाही खरा होता आणि बराचसा आजही आहे. आम्ही शिवाय दोन दिवसांचे तांदूळ, डाळ, कांदे आणि स्कूटरसाठी एका डब्यात पेट्रोल घेतलं. साकोलीहून पिटेझरीच्या नाक्यापर्यंत मुरमाचा रस्ता. स्कूटर मागून येणाऱ्या प्रत्येक बसच्या धुळीत लाल होत गेली. मोहाची फुलं पडायला लागली होती. बाया टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेल्या होत्या आणि सगळ्या रस्त्यावर त्या फुलांचा गोड, जड वास होता.

नाक्यावर स्कूटर ठेवली. विश्रामगृहाचं सामान घेऊन एक जीप आत चालली होती, तिनं आम्हाला नेलं. आमच्याबरोबर एक नाकेदार दिला होता, म्हणजे वनरक्षक. पन्नाशीचा, बारीक, फारसा न बोलणारा. त्यानं माझा मोनोपॉड पाहिला, नंतर कुसुमची काठी पाहिली आणि कुसुमला म्हणाला, बांबू कुठला. तिनं गावाचं नाव सांगितलं. त्याची बहीण त्याच गावात दिली होती. त्यानंतर दोन दिवस जंगलात काही दिसलं की तो आधी तिला सांगायचा आणि मग मला. कुणाला हे वाचून हसू येईल. मला तेव्हा आलं नाही.

त्या संध्याकाळी तळ्यावर आम्ही उजेड जाईपर्यंत बसलो. नागझिऱ्याचं तळं फार मोठं नाही, पण भोवती डोंगर आणि दाट झाडी आहे, त्यामुळे पाणी खोल आणि काळसर वाटतं. गवे आले, चितळ आले. मी बॉल हेड लावून पहिल्यांदाच काम करत होतो. उभ्या असलेल्या गव्याचे फोटो काढताना मजा आली. हवा तसा कोन, एक पीळ की पक्कं. मी कुसुमला म्हणालो, बघ, हे याला म्हणतात हेड. ती म्हणाली, छान आहे. तिनं त्या संध्याकाळी एकही फोटो काढला नाही. नुसती काठी घेऊन पाखरांच्या मागे वळत, झुकत राहिली, सवय करत. नट किती सैल ठेवला तर कॅमेरा स्वतः पडत नाही पण बोटानं हलतो, ते तिनं शोधून काढलं आणि नखानं नटावर एक खूण केली.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तळ्याच्या काठी एका वाळलेल्या झाडाआड उभे होतो. तासभर काही नाही. मग पलीकडच्या उतारावर माकडं ओरडली आणि नाकेदार हळूच म्हणाला, "हालू नका. मांगं कुत्रे हायेत."

झाडीतून एक सांबर निघालं आणि सरळ पाण्यात शिरलं. छातीइतक्या पाण्यात जाऊन ते वळलं. त्याच्या मागे रानकुत्रे बाहेर पडले, एक, दोन, मग आणखी चार. तांबडे, झुपकेदार शेपटीचे. ते काठानं धावायला लागले, डावीकडे, उजवीकडे, शिट्टीसारखा आवाज काढत. सांबर त्यांच्या दिशेनं मान फिरवत होतं. एक कुत्रा पाण्यात उतरला, पोहत गेला, सांबरानं पुढचा पाय आपटला, पाणी उडालं, कुत्रा मागे फिरला. हे सगळं चार-पाच मिनिटं चाललं असेल.

माझ्या बाजूला काय झालं ते सांगतो. कुत्र्यांचा पाठलाग करायचा म्हणून मी बॉल सैल केला. सैल करताच तीनशेच्या लेन्सचं वजन पुढे पडलं आणि कॅमेऱ्यानं मान टाकली. मी उचलून धरला, आवळला, तर तळं तिरकं. सरळ करायला परत सैल केला, तर कॅमेरा कुशीवर कलंडला. डाव्या हातानं लेन्स सावरू की स्क्रू फिरवू, हे कळेना. मी दहा-बारा वेळा बटण दाबलं. त्यातल्या अर्ध्या वेळा भिंगात फक्त लव्हाळे दिसत होते. मोनोपॉड फिरत होता, कलत होता, आणि वर बॉलही फिरत होता, कलत होता. दोन्ही एकदम सांभाळायला मला तिसरा हात हवा होता.

मध्येच मी कुसुमकडे पाहिलं. ती शांत उभी होती. काठी पायाशी रोवलेली, कमरेतून वळत होती, डाव्या हाताचं एक बोट पट्टीवर. तिनं चार वेळा बटण दाबलं. फक्त चार वेळा.

सांबर अखेर दुसऱ्या बाजूनं पाणी ओलांडून झाडीत गेलं. कुत्रे थोडा वेळ पाणी पीत बसले आणि निघून गेले. नाकेदार हसून कुसुमला म्हणाला की तुमचं नशीब मोठं आहे. माझं नशीबही त्याच काठावर उभं होतं, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. परतीच्या वाटेवर कुसुम खूप बोलत होती, एरवी ती इतकं बोलत नाही. मी हुं हुं करत होतो. साकोलीला तिनं दोन कप चहा घेतला आणि रामटेके भाऊंना पहिली प्रिंट द्यायची असं म्हणाली. मी स्कूटरला किक मारली.

तुमसरला आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन्ही रोल धुतले. ते काम नेहमी माझंच असायचं. आधी माझा रोल पाहिला. तिरकी तळी, लव्हाळे, अर्धं सांबर. मग तिचा. तिसरी फ्रेम दिव्यापुढे धरली. पाण्यात उभं सांबर, मान वळलेली, समोर उडालेल्या पाण्याचा पडदा, त्यातून मागे फिरणाऱ्या कुत्र्याचं डोकं आणि काठावर बाकीचे पाच, एका रांगेत, प्रत्येकाचा पाय वेगळा उचललेला. निगेटिव्हमध्येसुद्धा मिशांचे केस दिसत होते. जुना कॅमेरा, छोटी लेन्स, बांबू. माझ्या आयुष्यात मी असा एक फोटो काढलेला नव्हता.

बाहेर आलो. कुसुम दारातच होती. तिनं विचारलं, कसे आलेत.

मी म्हणालो, "माझे वाया गेले. तुझेही हलले आहेत."

हे मी ठरवून म्हणालो नाही. पण म्हणाल्यावर मागेही घेतलं नाही. तिनं तिच्या मनगटाकडे पाहिलं, ते दुसऱ्या हातानं जरा दाबलं आणि म्हणाली, असू द्या, मनगटच तसं आहे. मग स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या निगेटिव्हची पट्टी एका पाकिटात घातली, त्यावर ‘खराब’ लिहिलं आणि जुन्या पाकिटांच्या खाली ठेवलं. ती कधी माझ्या मागे जाऊन पाहणारी नव्हती. तिचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून तर ते इतकं सोपं गेलं.

स्पर्धेला मी आंबागडच्या किल्ल्याजवळ पूर्वी काढलेला एका ससाण्याचा फोटो पाठवला. शेवटची तारीख गेली. बांबूची काठी कपाटामागे गेली. कुसुम लग्नाच्या ऑर्डरी घेईनाशी झाली. म्हणायची, माझ्या हातचे हलतात, लोकांची लग्नं पुन्हा होत नाहीत. फक्त पासपोर्ट फोटो काढायची, तेही कॅमेरा टेबलावर ठेवून. हे सगळं मी पाहत होतो. एकदा सांगून टाकू असं रोज वाटायचं आणि रोज ते आदल्या दिवसापेक्षा अवघड व्हायचं.

दीड-दोन महिन्यांनी एका रविवारी रामटेके भाऊ तुमसरला आले. बाजारात काही काम होतं, ते आटोपून स्टुडिओत आले. बसायच्या आधी त्यांनी कुसुमला फोटोचं विचारलं. तिनं सांगितलं, हलला.

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी काठी मागून घेतली. काउंटरवर हेड उघडलं, बोल्ट काढला, भोकात करंगळीचं नख घालून पाहिलं, चकत्या उजेडात धरल्या. 

मग म्हणाले, "ढिलं राहिलं असन जोडात. माही चूक झाली, बाई. घाई केली मी त्या दिवशी. लोखंडाचं दुसरं करून देतो."

कुसुम म्हणाली, "नाइ हो भाऊ. माहं मनगटच वाकडं हाय. तुमचं हेड चांगलं होतं."

ते ऐकेनात. बोल्ट रुमालात गुंडाळायला लागले, परत नेऊन नवा कातायला. तीस वर्षं लोखंड कातणारा माणूस, स्वतःच्या कामात नसलेली चूक शोधत होता. ती तिच्या हातात नसलेली चूक कबूल करत होती. आणि चूक ज्याची, तो त्यांच्या मध्ये उभा राहून चहा सांगायचा विचार करत होता. मी आत गेलो, पाकीट काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

मी म्हणालो, "फोटो हलला नाही. मी खोटं बोललो."

रामटेके भाऊंनी पट्टी उजेडाकडे धरली. निगेटिव्ह वाचायची त्यांना सवय नव्हती, त्यांना काळं-पांढरं उलट दिसत होतं. त्यांनी ती कुसुमच्या हातात दिली आणि मला विचारलं, "काहून?"

"मला तसा काढता आला नाही म्हणून."

कुसुमनं तिसऱ्या फ्रेमपर्यंत पट्टी सरकवली आणि पाहत राहिली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मग डार्करूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. आम्ही दोघं बाहेर बसलो. रामटेके भाऊंनी बोल्ट परत बसवला, नट कुसुमच्या नखाच्या खुणेपर्यंत आवळला.  तासाभरानं ती ओली प्रिंट घेऊन आली. त्यांनी फोटो जमिनीवर ठेवला, उकिडवे बसले आणि एकेका कुत्र्यावर बोट ठेवून मोजले. सहा भरले तेव्हा मान हलवली. प्रिंट वाळेपर्यंत थांबले, वर्तमानपत्रात गुंडाळून सायकलच्या हँडलला बांधली आणि गेले.

कुसुम त्यानंतर माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं एवढंच सांगितलं की यापुढे तिचे रोल तीच धुणार. पुढच्या वर्षी ती पुन्हा नागझिऱ्याला गेली, मीही गेलो. दरवर्षी जात राहिलो. तिचे फोटो नागपूरला लागले, पुण्याला लागले. प्रत्येक वेळी मी टाळ्या वाजवल्या आणि प्रत्येक वेळी पोटात तेच दुखलं. वयानं ते कमी होईल असं वाटलं होतं, झालं नाही. मी फक्त त्याच्याबरोबर गप्प उभं राहायला शिकलो.

तर ज्यांना हेडबद्दल हवं होतं त्यांच्यासाठी: मोनोपॉडवर एकाच दिशेनं झुकणारं साधं हेड लावा. वळणं आणि कलणं काठी स्वतः करते, ते काम दुसऱ्यांदा विकत घेऊ नका. बॉल हेड ट्रायपॉडवर उत्तम आहे, माझं आजही तिथे आहे. नट तुमच्या सोयीच्या हाताला येऊ द्या. आणि दुकानात जायच्या आधी स्वतः उभे राहून, येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलींच्या मागे कॅमेरा फिरवून पाहा. तुमचे हात काय मागतात ते कळेल. मी ते न करता क्लबातल्या लोकांचे हात उसने घ्यायला गेलो होतो.

शेवटी एक गोष्ट. त्या सहलीनंतर पाच-सहा वर्षांनी कुसुमला टायफॉइड झाला. ती नागझिऱ्याहून नुकतीच परतली होती आणि रोल तसाच पडून होता. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिनं मला हाक मारली, उशाखालून रोल काढून माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "धुवाल का?"

मी धुतला. दोन तास लागले, इतक्या जपून मी कधी काही धुतलं नव्हतं. तळ्यावर पाणी पिणारी अस्वलीण आणि तिच्या पाठीवर दोन पिल्लं. छत्तीसपैकी पाच फ्रेम अशा होत्या की प्रत्येकीवरून माझे पाकीटभर फोटो ओवाळून टाकावेत. पोटात दुखलं, नेहमीसारखंच.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हणालो, "सातवी आणि विसावी हलल्या आहेत. बाकी सगळ्या नीट. अकरावी फार चांगली आहे."

तिनं पट्टी पाहायला मागितली नाही. "बरं," म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.